चामडी हॅमरचा इलेक्ट्रिक ग्रँड पियानो: देखभाल आणि व्हॉइसिंगबद्दल नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात पियानो, हार्मोनियम आणि जुनी इलेक्ट्रिक वाद्यं दुरुस्त करतो. चामडी हॅमरचे इलेक्ट्रिक ग्रँड विदर्भात मोजकेच असतील, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांचा जीव त्यांत अडकलेला असतो. फोनवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

इलेक्ट्रिक ग्रँड म्हणजे नेमकं काय? डिजिटल पियानोच ना?

नाही. डिजिटल पियानोत तारा नसतात. इलेक्ट्रिक ग्रँडमध्ये खऱ्या तारा, खरे हॅमर (तारेवर आदळणाऱ्या छोट्या हातोड्या), खरे डँपर (तारेवर टेकून सूर थांबवणाऱ्या गाद्या) आणि ग्रँड पियानोसारखी ॲक्शन, म्हणजे पट्टीपासून हॅमरपर्यंतची यंत्रणा असते. नसतो तो साउंडबोर्ड, म्हणजे साध्या पियानोत आवाज मोठा करणारी लाकडी फळी. तिच्या जागी घोडीपाशी पिझो पिकअप बसवलेले असतात. तारेचा कंप घोडीत उतरतो, पिकअप त्याची वीज करतो आणि ती वीज ॲम्प्लिफायरकडे जाते. सतारीच्या घोडीखाली पिकअप लावलेला तुम्ही पाहिला असेल, तत्त्व तेच.

या जातीतलं सर्वांत माहितीचं वाद्य म्हणजे यामाहाचा सीपी-७०. तो १९७६ मध्ये आला, त्याला ७३ पट्ट्या. मग १९७८ मध्ये पूर्ण ८८ पट्ट्यांचा सीपी-८० आला. पुढे मिडीची (दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांशी जोडायची) सोय असलेली मॉडेलंही निघाली, पण १९८० च्या दशकातच हे उत्पादन थांबलं. दौऱ्यावर नेता यावा म्हणून तो दोन भागांत सुटतो. जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचे टोनी बँक्स हा पियानो वाजवायचे, आणि पुढे कीन या बँडचा सगळा आवाज त्याच्याभोवती उभा राहिला.

हॅमरवर नमद्याऐवजी चामडं का?

हे काही नवं खूळ नव्हे. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पहिले पियानो बनवले, तेव्हा त्यांच्या हॅमरवर चामडंच होतं. व्हिएन्नाच्या जुन्या पियानोंतही चामडंच. दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं पेटंट पॅरिसच्या ज्याँ-आंरी पाप यांनी १८२६ मध्ये घेतलं आणि मग हळूहळू सगळीकडे नमदा आला.

इलेक्ट्रिक ग्रँडमध्ये चामडं परत आलं त्याला कारण आहे. इथल्या तारा आखूड असतात. खर्जाला एकच गुंडाळलेली जाड तार, वर दोन-दोन तारा. त्यांच्यावर मऊ नमदा आदळला तर आघात पिकअपपर्यंत पोचता पोचता बोथट होतो. चामडं पातळ आणि घट्ट असतं, तारेला चटकन स्पर्श करून सुटतं. या पियानोच्या आवाजात जी टणक, जराशी घंटेसारखी सुरुवात ऐकू येते, ती बरीचशी या चामड्याची देणगी आहे. म्हणून कोणी "नमदा लावून देऊ का?" म्हणालं, तर नको म्हणा. पियानो वाजेल, पण तो हा पियानो राहणार नाही.

काही सूर कर्कश झालेत. हॅमर घासून द्याल का?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. त्यावर माझं उत्तर नेहमी एक असतं: आधी हॅमरच दोषी आहे हे सिद्ध करू.

सदर भागातल्या एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याने मला बोलावलं होतं. म्हणाला, "भाऊ, मधले दोन सूर कानाला चावून राहिले, तुम्ही घासून द्या." मी तेव्हा नवा होतो. हॅमर घासले, सूर थोडे मऊ झाले, मी निघून आलो. पंधरा दिवसांनी तीच तक्रार. तेव्हा नीट पाहिलं तर त्या सुरांपाशी पिकअपच्या जोडणीवर हिरवट गंज चढला होता, आणि त्यामुळे खालचा भरीवपणा जाऊन वरची कचकच तेवढी शिल्लक राहत होती. जोडणी साफ केली आणि सूर भरून आले. पण घासलेलं चामडं काही परत आलं नाही. ते दोन सूर आजही शेजाऱ्यांपेक्षा जरा बुजरे वाटतात आणि मला ते दर वेळी ऐकू येतात.

चामड्याचा थर जेमतेम असतो. घासायची संधी मोजकी मिळते, ती चुकीच्या जागी खर्च करायची नाही.

मग दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तीन परीक्षा सांगतो. हत्यार लागत नाही.

ॲम्प्लिफायर बंद करून तो सूर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे सूर वाजवा. साउंडबोर्ड नसला तरी तारांचा बारीक आवाज येतोच, कान जवळ न्या. तिन्ही सारखे वाटले आणि ॲम्प्लिफायर लावल्यावर मात्र एक वेगळा वाटला, तर हॅमर निर्दोष आहे. पिकअप, जोडणी किंवा पुढचं सर्किट पाहावं लागेल.

मग ॲम्प्लिफायर लावून, पट्टी हळूच दाबून धरून डँपर उचला आणि तार नखाने छेडा. छेडल्यावरही तीच कचकच असेल तर हॅमरचा संबंधच नाही, कारण त्याने तारेला हातच लावलेला नाही.

तिसरी परीक्षा घोडीची. आवाज कमी ठेवून पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने घोडीवर प्रत्येक सुराच्या जागी हलकी टिचकी मारत जा. ओळीने सारखा "टप टप" यायला हवा. एखाद्या जागी आवाज एकदम बसला, तर तिथला पिझो तडकलाय किंवा सुटलाय.

या तिन्हीतून सुटलेला सूरच हॅमरचा. दहा तक्रारी आल्या की त्यांतल्या निम्म्याच इथपर्यंत पोचतात, असा माझा अनुभव.

व्हॉइसिंग म्हणजे ट्यूनिंगच का?

ट्यूनिंग म्हणजे सूर लावणं, खुंटी फिरवून तार नेमक्या उंचीवर आणणं. व्हॉइसिंग म्हणजे त्या सुराचा पोत घडवणं. तानपुऱ्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना एका वाक्यात कळतं: खुंटी पिळणं वेगळं आणि जवारी काढणं वेगळं. आणि जवारीसारखंच, सूर आधी लागलेला असल्याशिवाय व्हॉइसिंगला हात घालायचा नसतो. जोडीच्या दोन तारांत जरा फरक असला तरी सूर करकरीत वाटतो आणि बिचाऱ्या हॅमरवर आळ येतो.

तुम्ही प्रत्यक्ष काय करता?

टोनच्या सगळ्या चाव्या मधोमध, ट्रेमोलो बंद. ज्या स्पीकरवर मालक नेहमी वाजवतो त्याच स्पीकरवर ऐकतो, माझा आणत नाही. मग एकेका पट्टीवर सारख्या जोराने तीनदा आघात करत खालून वर जातो आणि पट्टीमागे खडूने खूण करत जातो: तीक्ष्ण, बोथट, पोकळ.

पियानोचे दोन भाग नीट बसलेत का हे आधी पाहावं लागतं. हे फार जण विसरतात. किबोर्ड-ॲक्शनचा भाग आणि तारांच्या फ्रेमचा भाग यांच्यात जरा फट राहिली, तर सगळेच हॅमर तारेवर भलत्या जागी बसतात. वरच्या सप्तकांत मिलिमीटरभराचा फरकही ऐकू येतो. एकदा फक्त खटके नीट आवळून व्हॉइसिंगचं निम्मं काम संपलं होतं.

त्यानंतर ॲक्शनची मापं. पट्टीची खोली साधारण १० मिलिमीटर, आणि हळू दाबल्यावर हॅमर तारेपासून २ ते ३ मिलिमीटरवर सुटायला हवा. कोणत्याही ग्रँडला सुरुवातीला चालणाऱ्या या मापांवर आधी आणायचं आणि मग त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे पक्कं करायचं.

आता चामडं. बाजूने तिरपा उजेड टाकला की हॅमरच्या माथ्यावर तारांनी पाडलेल्या खाचा दिसतात. वरच्या सुरांत दोन समांतर रेघा, खर्जाला एकच रुंद चर. खाचेच्या तळाशी चामडं काळपट, चकचकीत झालेलं असतं. बोट फिरवलं तर तिथे काच लागल्यासारखं वाटतं. तीक्ष्णपणा तिथे आहे. पितळी तारांचा मऊ ब्रश घेऊन खांद्याकडून माथ्याकडे दोन-तीन हलके हात मारले की दबलेले तंतू उभे राहतात आणि तो चकचकीतपणा मावळतो. ब्रश मारला की लगेच वाजवून पाहायचं. बऱ्याच वेळा एवढ्यावर भागतं.

खाच खोल असेल तरच पॉलिश पेपर. ३२० नंबरचा, बोटभर रुंदीची पट्टी कापून पातळ लाकडी चिपेवर चिकटवलेला. हॅमरला मागून बोटाचा आधार द्यायचा, नाहीतर त्याची दांडी आणि सेंटर पिन (ज्या बारीक पिनेवर तो फिरतो ती) ताण खातात. पेपर नेहमी माथ्याच्या दिशेने ओढायचा आणि माथ्यावर थांबायचं, पलीकडे जायचं नाही, म्हणजे गोलाई टिकते. खाच संपूर्ण नाहीशी करायची नसते. तिच्या कडा मोडल्या की पुरे.

शेवटी दोन्ही तारांना हॅमर एकदम लागतो का ते पाहायचं. हॅमर हाताने तारांना टेकवून धरून दोन्ही तारा एकेक छेडायच्या. एक तार दबलेली आणि दुसरी गुणगुणत असेल तर माथा तिरका आहे. तिथे फक्त उंच बाजू किंचित उतरवायची.

सूर जास्तच मऊ झाला असेल तर उलटी क्रिया: गुळगुळीत स्टीलच्या चमच्याच्या पाठीने माथा घोटायचा. तंतू बसतात, धार परत येते. बाटलीतलं कुठलंही हार्डनर मी चामड्याला लावत नाही.

नमद्याच्या हॅमरला सुया टोचतात, तशा इथे का नाही?

नमदा जाड असतो आणि ताणून दाबलेला असतो. सुईने तो ताण सैल पडतो. चामड्यात असा ताण साठवलेलाच नसतो. सुईने फक्त भोक पडतं आणि पुढे तार त्या भोकांच्या रांगेवरच चामडं चिरते. आधी कोणी सुया चालवल्या असतील तर मला आवर्जून सांगा, मी काम वेगळ्या पद्धतीने धरेन.

चामडं कोरडं पडलंय, खोबरेल तेल लावू का? वाफ देऊ का?

दोन्ही नको. चपलेला जे मानवतं ते हॅमरला मानवत नाही. तेलाने चामडं मेणचट होतं, सूर कायमचा मरतो आणि तेच तेल तारेला लागून त्यावर धूळ बसते. वाफेने नमदा फुलतो, पण चामडं आक्रसतं आणि कडक होतं.

चामडं नव्याने लावायचं तर कुठलं?

पेपर मारायला थर उरलाच नसेल, लाकडी गाभ्याचा ठकठक आवाज येऊ लागला असेल, तरच हा विषय काढा.

कमावलेलं, मऊ, एकसारख्या जाडीचं, बारीक लव असलेलं चामडं हवं. जाडी जुन्या न झिजलेल्या भागावर मोजून घ्यायची, आणि खर्जाकडून वर जाताना ती कमी होत जाते हे लक्षात ठेवायचं. महाल-इतवारीत तबल्याची पुडी बनवणाऱ्यांकडचं कातडं चालेल का, असं विचारतात. ते कातडं कमावलेलं नसतं, कच्चं असतं. तबल्याला तसंच लागतं, पण हॅमरवर ते वाळून पत्र्यासारखं वाजेल. कोल्हापुरी चपलेचं चामडंही फार जाड आणि टणक.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. युरोपातल्या जुन्या पियानोंना हरणाचं चामडं असायचं, असं वाचून काही जण घरात पडलेलं चितळाचं किंवा सांबराचं जुनं कातडं घेऊन येतात. मी ते हातात घेत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि ज्यांच्या उंबऱ्याशी पेंच आणि ताडोबा आहेत त्यांना तरी हे वेगळं सांगायला लागू नये. मेंढी-बकरीचं चांगलं कमावलेलं चामडं यासाठी उत्तम चालतं.

चिकटवायला सरस. गरम सरस पातळ लावला की पक्का धरतो आणि पुढच्या कारागिराला ओलावा देऊन सोडवताही येतो. दोन थेंबांत चिकटणारे गोंद चामड्यात झिरपून दगड होतात. ते वापरलेले हॅमर अक्षरशः तासून काढावे लागतात.

उन्हाळ्यात आवाज बदलतो, ते खरं की भास?

खरं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी असते. चामडं सुकून ताठ होतं आणि सगळा पियानो उजळ, टोकदार वाटू लागतो. जुलैत तेच चामडं ओलावा पिऊन नरम पडतं. म्हणून मे महिन्यात व्हॉइसिंग करायचं नाही. मे महिन्यात "कर्कश" म्हणून घासलेला हॅमर जुलैत गोणपाटासारखा वाजतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्याकडचा योग्य काळ.

मोठा शत्रू मात्र ऊन नव्हे, कूलर आहे. खिडकीतला वाळ्याचा कूलर दुपारभर ओला वारा फेकतो, रात्री बंद होतो, खोली पुन्हा कोरडी. रोज एकदा पावसाळा आणि एकदा उन्हाळा! कूलरच्या झोतात ठेवलेल्या एका पियानोच्या तारांवर मला तीनच उन्हाळ्यांत तांबडी पुटं दिसली होती, आणि तीही फक्त खिडकीकडच्या अर्ध्या भागात. पियानोची खोली कूलरच्या झोताबाहेर ठेवा. ते जमत नसेल तर वाजवून झाल्यावर जाड सुती चादर घाला. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो.

पावसाळ्यात पट्ट्या जड होतात, काही वर परत येत नाहीत.

चामड्याशी याचा संबंध नाही. सेंटर पिनभोवतीचं कापड आणि पट्ट्यांचे बुशिंग फुगतात. थोडं थांबलात तर ऑक्टोबरात बरेचसे आपोआप सुटतात. कार्यक्रम तोंडावर असेल तर बोलवा, पण गंज सोडवायचे स्प्रे आत मारू नका.

बुरशी चामड्यावर पांढुरकी दिसते. कोरड्या मऊ ब्रशने, खिडकी उघडून झटका. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. कसर मात्र डँपरच्या नमद्याला लागते, चामड्याला कमी. उंदीर दोन्ही खातात.

ट्यूनिंग किती वेळा? मोबाइलचं ॲप चालेल का?

साउंडबोर्ड नसल्यामुळे हा पियानो साध्या ग्रँडपेक्षा सूर जास्त धरतो, कारण पावसाळ्यात फुगून तारा ताणणारी फळीच नाही. घरी वर्षातून दोनदा पुरे: पाऊस लागल्यावर काही आठवड्यांनी एकदा, आणि दिवाळीनंतर एकदा.

ॲप मधल्या सप्तकांना चालतं, अ ४४० हर्ट्झवर. खर्जाला नाही. आखूड आणि जाड तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत वर उमटणारे बारीक स्वर, गणितापेक्षा थोडे चढे निघतात, आणि ॲप ज्या स्वराकडे पाहतं तो कानाला ऐकू येणारा असेलच असं नाही. तिथे सप्तकाशी सप्तक कानानेच जुळवावं लागतं. पियानोची लाइन आउट थेट हेडफोन मिक्सरला लावून हे काम रात्री शांततेत करता येतं, हे या वाद्याचं एक सुख.

आमचे हार्मोनियमवाले काका करतील का?

त्यांचा कान बहुधा माझ्यापेक्षा तयार असेल. पण हार्मोनियमची पत्ती खरवडतात आणि इथे खुंटी फिरवायची असते. खुंटी वाकवली, तर ती ज्या लाकडात बसलीय ते सैल पडतं. त्यांना शिकायचं असेल तर मी आनंदाने दाखवीन, पण पहिला प्रयोग तुमच्या पियानोवर नको.

पियानो जपानहून किंवा मुंबईच्या सेकंडहँड बाजारातून आणलाय. लावण्याआधी काय पाहू?

मागची पाटी वाचा. जपानी बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० येतात. व्होल्ट उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं की प्रीॲम्पचा (पिकअपचा सिग्नल वाढवणाऱ्या आतल्या सर्किटचा) पॉवर सप्लाय गेलाच. घूं घूं आवाज येत असेल तर आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. पिझोचा सिग्नल नाजूक असतो, तो कुठलीही घरघर उचलतो. फॅनचा रेग्युलेटर आणि डिमर एकदा बंद करून पाहा.

विकत घेताना मात्र चामड्यापेक्षा खुंट्या आणि पिकअप पाहा. चामडं नव्याने लावता येतं. सुटे पिझो आणि हॅमर परदेशातल्या काही छोट्या कार्यशाळा बनवतात, पण मागवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. सैल खुंट्यांचा पियानो मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही.

कार्यक्रमाला नेतो. काय जपायचं?

शंभर किलोच्या वरचं ओझं आहे, चार माणसं हवीत. तारांचा भाग उभा नेताना खटके बांधून घ्या. रेशीमबागला असो की सिव्हिल लाइन्सला, एसी सभागृहात पोचल्यावर निदान दोन तास तो तसाच राहू द्या, मग सूर लावा. टेम्पोतून तापून आलेल्या तारा थंड हॉलमध्ये आवळतात आणि लगेच लावलेला सूर मध्यंतरापर्यंत चढून बसतो.

तुम्हाला बोलवायच्या आधी काय तयारी ठेवू?

मॉडेलचं नाव, पाटीवरचे व्होल्ट, आणि वरच्या तिन्ही परीक्षा करून काढलेली सुरांची यादी. पियानो एक दिवस आधी त्याच खोलीत, कूलर बंद ठेवून राहू द्या. आणि त्या यादीतल्या सुरांना मी येईपर्यंत कोणी पॉलिश पेपर लावू नका.